क्लचचा खालचा सिलिंडर : पारख, निवड, बसवणी

या महिन्याच्या सदरात सगळे प्रश्न हायड्रॉलिक क्लचचे घेतले आहेत. उत्तरांआधी चार ओळी सगळ्यांसाठी. पेडल दाबलं की वरचा सिलिंडर, म्हणजे मास्टर, ऑइल (ब्रेकला वापरतात तेच) पाइपमधून खाली ढकलतो. गिअरबॉक्सजवळचा खालचा सिलिंडर, म्हणजे स्लेव्ह, त्या ऑइलच्या दाबाने आपली दांडी बाहेर काढतो. दांडी फोर्क ढकलते, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे सरकवतो, बेअरिंग प्रेशर प्लेटची बोटं, म्हणजे तिच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, दाबतं आणि क्लच प्लेट मोकळी होते. या साखळीत कुठेही दोन-तीन मिलिमीटर हरवले तर गिअर पडताना त्रास होतो. म्हणून खालच्या सगळ्या उत्तरांत मोजपट्टी पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न : आमची २०१२ची डिझेल इनोव्हा दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेली आहे. सकाळी क्लच बरा असतो, पण गर्दीत पेडल खाली बसतं आणि रिव्हर्स टाकताना खरखर होते. ब्रेक ऑइलही हळूहळू कमी होतंय. गॅरेजवाले म्हणतात, गिअरबॉक्स उतरवून पूर्ण क्लच सेट बदला. दुसरा काही मार्ग आहे का? – वाचक, कराड

उत्तर : गिअरबॉक्सला इतक्यात हात लावू देऊ नका. या पिढीच्या इनोव्हात स्लेव्ह गिअरबॉक्सच्या घंटेला, म्हणजे क्लच झाकणाऱ्या कवचाला, बाहेरून दोन बोल्टांवर बसवलेला असतो. तो तपासायला आणि बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. क्लच प्लेट झिजली असती तर मुख्य तक्रार घसरण्याची असती : चढाला इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी ओढत नाही. तुमची तक्रार उलटी आहे, तुमचा क्लच पुरता सुटत नाही.

रिव्हर्सची खूण पक्की करून घ्या. बऱ्याच गिअरबॉक्सांत रिव्हर्सला सिंक्रोमेश, म्हणजे दातांचा वेग जुळवणारी रचना, नसतो, त्यामुळे क्लच अर्धवट सुटला की पहिली तक्रार तोच करतो. इंजिन आयडलवर ठेवा, पेडल तळापर्यंत दाबा, चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. इतकं थांबूनही खरखर झाली तर क्लच सुटत नाही हे नक्की.

आता गाडी स्टँडवर घ्या आणि खालून स्लेव्हकडे पाहा. दांडीभोवती रबरी बूट असतो. त्याची कड बोटाने जरा मागे सारा. आतून ऑइल ओघळलं तर सिलिंडर गेला. तिथे नुसती काळसर ओल दिसत असेल तर कापडाने पुसा, दोन दिवस गाडी चालवा आणि पुन्हा बघा. ओघळ कशाचा आहे याची शंका असेल तर एक थेंब पाण्याच्या वाटीत टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, इंजिन किंवा गिअरचं ऑइल वर तरंगतं.

मग कोणाला तरी पेडल दाबायला सांगून दांडी किती सरकते ते मोजा. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि हात फोर्कपासून लांब. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो, पण बाहेरच्या स्लेव्हची निरोगी चाल साधारण १२ ते १५ मि.मी. किंवा त्याहून थोडी जास्त असते. सात-आठच भरत असेल तर दोष हायड्रॉलिकमध्ये आहे. चाल पूर्ण असूनही गिअर अडत असेल तरच फोर्क, बेअरिंग, प्रेशर प्लेट यांचा विचार करायचा, आणि गिअरबॉक्स उतरवण्याची बोलणी तेव्हाच.

वरचा गेला की खालचा, हे ओळखायची एक युक्ती आहे. स्लेव्हकडे जाणारी रबरी नळी गुळगुळीत जबड्यांच्या होज क्लॅम्पने बंद करा आणि पेडल दाबून धरा. पेडल दगडासारखं घट्ट राहिलं तर मास्टर ठीक आहे, दोष खाली आहे. तरीही हळूहळू बसत गेलं तर मास्टरचा कप, म्हणजे पिस्टनवरचं रबरी सील, आतल्या आत ऑइल सोडतोय. साध्या पकडीने नळी दाबू नका, आतला थर फाटतो. नळी तडे गेलेली असेल तर ही चाचणी सोडा आणि नळीच बदला.

ऑइल कमी होण्याबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ब्रेकचे पॅड झिजतात तसं वाटीतलं, म्हणजे मास्टरला ऑइल पुरवणाऱ्या टाकीतलं, ऑइल खाली जातं, पण आपोआप जुळणाऱ्या क्लचमध्ये उलट घडतं. प्लेट झिजते तसा स्लेव्हचा पिस्टन आत सरकतो आणि ऑइल वर येतं. क्लचची वाटी वेगळी असलेल्या गाडीत पातळी उतरली तर ती झीज समजू नका, ती गळतीच असते.

प्रश्न : नाना पेठेतून जुन्यासारखाच दिसणारा स्लेव्ह आणून बसवला. गळती थांबली, पण आता क्लच पूर्ण सुटत नाही. माल खराब निघाला का? – वाचक, पुणे

उत्तर : माल चांगला असेलही, पण माप चुकलं असण्याची शक्यता जास्त. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या सिलिंडरांचा आतला व्यास वेगळा असू शकतो. प्रचलित व्यास पाऊण इंच म्हणजे १९.०५ मि.मी., त्याखालचा ११/१६ इंच म्हणजे १७.४६, वरचा १३/१६ इंच म्हणजे २०.६४. मास्टर दर दाबाला तेवढंच ऑइल ढकलतो. १९.०५च्या जागी २०.६४ बसवला तर पिस्टनचं क्षेत्रफळ सतरा टक्क्यांनी वाढतं आणि जी दांडी १५ मि.मी. सरकायची ती १२.८वर थांबते. पेडल हलकं लागतं, म्हणून सुरुवातीला माणूस खूश होतो. उलट, लहान व्यासाचा बसवला तर पेडल जड होतं आणि दांडी जवळपास १८ मि.मी. जाते. त्यात प्रेशर प्लेटची बोटं गरजेपेक्षा जास्त दाबली जातात.

व्यासाचा आकडा बऱ्याचदा बॉडीवरच ओतलेला असतो. जुन्या सिलिंडरची माती तारेच्या ब्रशने काढा, तो दिसेल. दिसला नाही तर जुन्याचा पिस्टन बाहेर काढून व्हर्नियरने बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, मोजा. त्यानंतर जुना आणि नवा शेजारी ठेवून पाहायच्या गोष्टी : दांडीची लांबी आणि टोकाचा आकार, दोन बोल्टांमधलं अंतर, पाइपच्या तोंडाची आटी, आणि एअर काढायच्या निपलची जागा. जपानी गाड्यांत पाइपचा नट बहुधा १० मि.मी. व्यासाचा, एक मिलिमीटर आटीचा असतो. पाइपच्या टोकाचा फ्लेअर, म्हणजे पसरवलेली कड, दुहेरी दुमडलेला आहे की बुडबुड्यासारखा गोल, हेही पाहा. एका जातीचा फ्लेअर दुसऱ्या जातीच्या बैठकीवर कितीही आवळला तरी झिरपतोच.

दुकानात जाताना नुसतं गाडीचं नाव आणि साल सांगू नका. चेसिस नंबर आणि जुना सिलिंडर, दोन्ही न्या. एकाच सालात मध्येच भाग बदलल्याची उदाहरणं भरपूर आहेत. टोयोटाला आयसिन, इतर गाड्यांना टीव्हीएस गर्लिंग, वॅलिओ, लुक यांचा माल त्या त्या मॉडेलला मिळत असेल तर तो घ्या. खोक्यावरचा पार्ट नंबर बिलावर लिहून घ्या. जुन्या बाजारातून, मग तो कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की आणखी कुठला, गिअरबॉक्स घेतलात तर हरकत नाही, पण रबरी कपावर चालणारी वस्तू वापरलेली घेऊ नये. कप वर्षानुवर्षं कोरडा पडलेला असतो, तो बाहेरून कळत नाही.

प्रश्न : पूर्ण सिलिंडरऐवजी फक्त किट टाकलं तर? – वाचक, अहिल्यानगर

उत्तर : किट, म्हणजे फक्त आतली नवी रबरं, बोअर आरशासारखा असेल तरच. पिस्टन काढा, बोअर स्पिरिटने पुसा, टॉर्च मारून बघा आणि नख फिरवा. नखाला एक जरी खळगा लागला तरी नवा कप तिथे घासून काही महिन्यांत गळेल. ओतीव लोखंडाचा बोअर अगदी बारीक पॉलिश पेपरने पुसता येतो. ॲल्युमिनियमच्या बोअरला होन, म्हणजे घासून गुळगुळीत करणारं हत्यार, लावू नका, वरचा कडक थर निघून जातो. स्लेव्ह हा सगळ्यात खालचा बिंदू, त्यामुळे ऑइलमधलं पाणी तिथेच साचतं आणि खळगे तिथेच पडतात. कोकणात पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीत तर किटच्या भानगडीत पडूच नये.

क्लच सेट नवा टाकत असाल तर बाहेरचा जुना स्लेव्हही त्याच वेळी बदला, असं आमचं स्पष्ट मत आहे. नवी प्लेट आली की पिस्टन पूर्वीपेक्षा बाहेरच्या बाजूला येऊन काम करू लागतो. बोअरच्या त्या भागावर कप कित्येक वर्षं फिरलेला नसतो आणि तिथे गंज व मळ बसलेला असतो. ‘क्लच बदलला आणि महिन्यात गळायला लागला’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं.

प्रश्न : घरी स्लेव्ह बदलायचा आहे. पायऱ्या सांगा. – वाचक, नाशिक

उत्तर : हे बाहेरून बोल्टवर बसणाऱ्या स्लेव्हसाठी. आतल्या प्रकाराबद्दल पुढे लिहिलं आहे.

ब्रेक ऑइलची अर्ध्या लिटरची सीलबंद बाटली आणा. वाटीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचीच. फ्लेअर नट पाना लागेलच, म्हणजे तोंडाला चीर असलेला रिंग पाना. साध्या उघड्या पान्याने पाइपच्या नटाचे कोपरे जातात आणि शंभर रुपयांचं काम पाइप बदलण्यावर जातं. शिवाय बोल्टांना बहुधा १२चा सॉकेट, निपलला ८ किंवा १०चा रिंग पाना, निपलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी, दोन स्टँड, चाकाला लावायला लाकडी ठोकळे, हातमोजे आणि चष्मा. ब्रेक ऑइल डोळ्यात गेलं तर फार झोंबतं, आणि तुम्ही बरोबर त्याच्या खाली झोपलेले असता.

आदल्या रात्री पाइपच्या नटावर आणि निपलवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी इंजिन थंड असतानाच सुरू करा, सायलेंसरचा पाइप जवळ असतो. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना ठोकळे, आणि गाडी फक्त जॅकवर कधीही नाही. वाटीचं झाकण काढून तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवा आणि झाकण पुन्हा लावा. हवा आत येत नाही, त्यामुळे पाइप उघडल्यावर ऑइल धारेने न येता थेंबथेंब येतं. क्लच आणि ब्रेकला एकच वाटी असेल तर घाबरू नका. अशा बहुतेक वाट्यांत क्लचची नळी वरच्या बाजूला काढलेली असते, म्हणजे क्लचचं सगळं ऑइल गेलं तरी ब्रेकपुरतं तळाशी राहतं.

सिलिंडर बोल्टवर असतानाच पाइपचा नट पाव फेरा सैल करा. बोल्ट आधी काढले तर सिलिंडर हातात फिरत राहतो आणि पाइपला पीळ पडतो. मग बोल्ट काढा, सिलिंडर बाहेर घ्या, पाइप मोकळा करून त्याच्या तोंडावर स्वच्छ रबरी टोपी लावा. या क्षणापासून पेडलला कोणी हात किंवा पाय लावायचा नाही, घरातल्या मुलांना तसं सांगून ठेवा.

फोर्कच्या ज्या खोबणीत दांडीचं टोक बसतं ती पुसून बघा. खोबणी आरपार झिजली असेल तर नवा सिलिंडर टाकूनही चाल कमीच पडेल. ठीक असेल तर टोकाला वाटाण्याएवढं मोलिब्डेनम ग्रीस लावा. हे ग्रीस बुटाच्या आत जाऊ देऊ नका. आतल्या रबरांना खनिज ग्रीस चालत नाही, ते फुगतात. तिथे लाल रबर ग्रीसच.

नवा सिलिंडर बसवताना क्रम उलटा : आधी पाइपचा नट, सिलिंडर हातात मोकळा असताना, नुसत्या बोटांनी तीन-चार फेरे फिरला पाहिजे. अडला तर काढा आणि पुन्हा धरा. ॲल्युमिनियमच्या बॉडीत आटी एकदा वाकडी कापली गेली की तो सिलिंडर फेकायचाच. नट लागला की मग सिलिंडर जागेवर, दांडी खोबणीत, बोल्ट घट्ट, आणि शेवटी नट पान्याने, साधारण १५ न्यूटन-मीटर. पाइपऐवजी पोकळ बोल्टचं जोडणं असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे घाला. काही नव्या सिलिंडरांच्या दांडीवर प्लास्टिकची पट्टी असते. ती कापू नका. पहिल्यांदा पेडल दाबल्यावर ती स्वतः तुटते आणि तोवर दांडी जागेवर धरून ठेवते. मग पाइपात शिरलेली हवा, म्हणजे एअर, काढा; रीत पुढच्या उत्तरात आहे.

रंगावर ऑइल सांडलं असेल तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. नुसतं पुसलं तरी रंग मऊ होतो.

प्रश्न : नवा सिलिंडर बसवून अर्धा दिवस एअर काढतोय, तरी पेडल स्पंजसारखं. – वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी निपल कुठे आहे ते पाहा. बसवलेल्या स्थितीत निपल सिलिंडरच्या सर्वांत वरच्या बाजूला हवा. डाव्या-उजव्या बाजूचे सिलिंडर एकसारखे दिसतात. चुकीचा बसला तर निपल खाली येतो, मग दहा बाटल्या ओतल्या तरी वरचा बुडबुडा जागचा हलत नाही.

निपल बरोबर असेल तर सर्वांत सोपी रीत आधी : वाटी भरा, प्लास्टिक काढा, निपल अर्धा फेरा उघडा, नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा आणि पेडलला हात न लावता वीस मिनिटं वाहू द्या. वाटी निम्म्याखाली जाऊ देऊ नका. त्यानंतर दोघांनी मिळून : एकाने पेडल सावकाश तळाला नेऊन धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचा, मगच पेडल वर आणायचं. सुरुवातीला पेडल आपण होऊन वर येत नाही, ते हाताने उचला. पंपासारखं भराभर मारू नका, त्याने मोठ्या बुडबुड्याचे शेकडो बारीक बुडबुडे होतात आणि ते निपलपर्यंत येतच नाहीत. फेस झालाच असेल तर तासभर थांबा.

एवढ्यानेही जमलं नाही तर सिलिंडरचे दोन बोल्ट काढा, पाइप तसाच राहू द्या. निपल आभाळाकडे धरा, दांडी अंगठ्याने हळूहळू पूर्ण आत दाबा आणि तशीच धरून ठेवा. हवा निपलच्या बाजूला किंवा पाइपमधून वाटीत निघून जाते, वाटीत बुडबुडे फुटताना दिसतात. दांडी सोडण्याआधी सिलिंडर फोर्कवर परत बसवा. मोकळ्या सिलिंडरवर पेडल दाबलं तर पिस्टन बाहेर उडतो. शेवटचा उपाय खालून वर : मोठ्या सिरिंजने निपलमधून नवं ऑइल सावकाश वर ढकला. वाटी आधी निम्मी रिकामी करा, नाहीतर ती ओसंडते.

हवा निघूनही पेडल खालीच राहत असेल तर वर पाहा. पेडलची मोकळी चाल टोयोटात ५ ते १५ मि.मी. असते. पेडलजवळची पिन आणि तिचं भोक अंडाकृती झिजलं असेल तर सगळी चाल तिथेच संपते. रबरी नळीवर बोटं ठेवून पेडल दाबायला सांगा. नळी फुगलेली जाणवली तर बदला. नळी आतून सुजून बंद होत आली असेल तर उलटी तक्रार येते, पेडल सोडलं तरी क्लच उशिरा पकडतो.

प्रश्न : ब्रेक ऑइल नव्हतं म्हणून वाटीत इंजिन ऑइल टाकलं. काय होईल? डॉट ३ आणि डॉट ४ मिसळले तर? – वाचक, लातूर

उत्तर : डॉट ३ आणि डॉट ४ दोन्ही ग्लायकॉलचे, मिसळले तर नुकसान नाही. फक्त उकळबिंदू मधला राहतो. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांना आणि डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर मर्यादा १४० आणि १५५ अंशांवर येतात. म्हणून दर दोन वर्षांनी बदला आणि उघडी पडून राहिलेली बाटली वापरू नका. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळत नाही. ५.१ वेगळं, ते चालतं.

इंजिन ऑइलची गोष्ट गंभीर आहे. खनिज तेलाने या सिलिंडरांचे रबर फुगतात आणि मऊ पडतात. नुसतं ऑइल बदलून भागत नाही. मास्टर, स्लेव्ह, रबरी नळी, वाटीच्या झाकणाचं रबर, सगळं बदलावं लागतं आणि लोखंडी पाइप स्पिरिटने धुवावे लागतात. वाटी ब्रेकशी सामाईक असेल तर गाडी चालवू नका, उचलून गॅरेजला न्या.

प्रश्न : माझ्या गाडीला बाहेर स्लेव्ह दिसतच नाही, पण इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल टपकतंय. – वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या गाडीत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती, घंटेच्या आत, रिलीज बेअरिंगसह एकाच तुकड्यात आहे. फोर्डच्या फिगो, इकोस्पोर्टमध्ये हीच रचना. याला गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही. पण आधी थेंबाची पाण्यातली चाचणी करा. गिअर ऑइल घट्ट आणि गंधकासारख्या वासाचं, इंजिन ऑइल काळं, ब्रेक ऑइल पातळ आणि पाण्यात विरघळणारं.

मजुरी एवढी लागणार असेल तर क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटही पाहून घ्या. प्लेटवर ब्रेक ऑइल पडलं असेल तर ती पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरू नये, गरम झाल्यावर अस्तरात मुरलेलं ऑइल वर येतं. नवा सिलिंडर टेबलावर हाताने दाबून पाहायचा मोह आवरा. कोरड्या बोअरवर सीलची कड मुडपते आणि नवीन वस्तू पहिल्याच दिवशी गळते. गिअरबॉक्स इंजिनाला जोडून सगळे बोल्ट लागेपर्यंत पेडल दाबायचं नाही. समोर प्रेशर प्लेटचा अडथळा नसल्याने पिस्टन बाहेर पडतो आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं. शाफ्टच्या दातांना ग्रीसचा पातळ हात पुरे, जास्तीचं प्लेटवर उडतं.

प्रश्न : घाटात क्लच गेला तर गॅरेजपर्यंत गाडी कशी न्यायची? – वाचक, महाबळेश्वर

उत्तर : घाटात नेऊ नका. रुंद जागा पाहून बाजूला घ्या, चाकाला दगड लावा, वाटीत ऑइल भरा आणि पेडल दहा-बारा वेळा सावकाश दाबा. गळती थोडी असेल तर काही गिअर बदलण्यापुरता क्लच येतो, तेवढ्यात पायथ्याशी किंवा माथ्यावर सपाटीला पोचता येतं. सपाट, मोकळ्या रस्त्यावर क्लच अजिबात नसेल तर इंजिन बंद करून पहिला गिअर टाका, पेडल दाबून स्टार्टर मारा. गाडी हिसका देऊन लगेच चालू लागते, म्हणून समोर माणूस किंवा वाहन नको. दुसऱ्या गिअरपर्यंत जायचं असेल तर ॲक्सिलरेटर सोडून न्यूट्रलला घ्या, इंजिनाचा वेग उतरू द्या आणि गिअर बळ न लावता टेकवत राहा, वेग जुळला की तो आपोआप आत जातो. थांबायचं असेल तेव्हा आधी न्यूट्रल, मग ब्रेक. शहराची गर्दी किंवा सिग्नल मध्ये असतील तर हे करू नका, टोइंगला फोन लावा.